जावयाच्या गाडीतून तांबडी शोधली त्याची हकीकत

धाकट्या बहिणीस नासिएकूस थोरल्या नूनकिपाचा आशीर्वाद. (आपल्या रीतीने डोक्यावर थुंकून द्यायचा, तर तू बसलीस तिकडे नारोकला. म्हणून कागदावरच थुंकले आहे, डाग दिसेल.) गुरं कशी आहेत? वासरं? पोरंबाळं? नवरा आहे का अजून? इकडे पाऊस बेताचा, गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत.

तर मी परवा अभयारण्यात जनावरं बघून आले. हसू नकोस. झेबरे बघायला लोक समुद्र ओलांडून येतात. मला ते घर सारवतानाही दिसतात. दूध देत नाहीत, त्यांचं बघायचं काय? पण माझी तांबडी गाय घरी आली नव्हती आणि खुरांचे ठसे अभयारण्याकडे गेलेले. तांबडी म्हणजे लेकीच्या लग्नात जावयाने आपल्याला दिलेली. ती मी हरवली हे त्याला कळलं असतं तर सगळ्या वस्तीत माझी शोभा झाली असती. पायी आत जावं तर रक्षक हाकलतात. म्हणून लेकीला म्हटलं, "मरायच्या आधी एकदा सिंह बघावा म्हणते." ती म्हणाली, "आई, मागच्या साली तू सिंहाला जळतं लाकूड फेकून मारलंस की!" म्हटलं, "अंधार होता, नीट दिसला नाही."

तिने मला पाहुण्यांच्या गाडीत बसवलं. आणि गाडी हाकायला कोण? जावईच! आता आपल्यात सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. मी मागच्या बाकावर तोंडावरून चादर ओढून बसले. त्याने पुढचा आरसा वळवला तो थेट आभाळाकडे. (मागचं दिसेना, म्हणून गाडी मागे घेताना पहिल्याच खड्ड्यात घातली. मी चादरीत हसून घेतलं.)

बरोबर एक जर्मन बाई होती, माझ्यासारखीच बाजारापुरती स्वाहिली येणारी. मी तिच्या कानात म्हणायची, "त्याला सांग, डावीकडे." ती ओरडायची, "डावीकडे!" जावई काचेला सांगायचा, "बाई, तिकडे नुसतं गवत आहे." मी म्हणायची, "त्या गाढवाला सांग, गवताकडेच ने." (बाईने गाढवही पोचवलं. शिकलेली माणसं एक शब्द गाळत नाहीत.) बिबट्या उजवीकडच्या झाडावर बसला होता म्हणे. बसो.

मग बाई दुर्बिणीतून किंचाळली, "ते कोणतं जनावर?" झेबऱ्यांच्या कळपात तांबडी चरत होती, बापाचं रान असल्यासारखी. गाडी थांबली. स्वतः दिलेली गाय तो ओळखणार नाही? मला वाटलं, चादरीतच जीव जावा. तो घसा खाकरून बाईला म्हणाला, "फार दुर्मिळ आहे. हळूहळू त्याच्या मागे जाऊ." आणि शीळ घालत, गाडी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला घेत, तांबडीला पार फाटकाबाहेर हाकत आणलं. बाई फोटो काढून थकली. रक्षक म्हणाला, "अरे, हे काय?" जावई म्हणाला, "पाहुण्यांची हौस." मागे एकदाही वळून पाहिलं नाही त्याने.

तुझी,
नूनकिपा

ता. क. तुझा नवरा त्याच्याशी बोलू शकतो. जावयाला म्हणावं, सासू म्हणते गाय चांगली हाकतोस. एवढंच. जास्त बोललं तर डोक्यावर बसेल. गाडी वाईट हाकतो, हेही सांगावं.

आणखी एक. नवऱ्याला उद्याच धाड. सकाळपासून काळी गाय दिसत नाही, आणि तीही जावयानेच दिलेली. आधी कौतुक करायला सांग, मग काळीचं काढायला. गाडीचं राहू दे.