धाकटीची मोरपंखी

४ मार्च

माफ कर गं वही. पाच दिवस तुला हात लावला नाही. लिहायची लाज वाटत होती.

धाकटी — म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, शेजारीच राहते — डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलीय. जाताना म्हणाली, "भाऊजी, मोरपंखीला पाणी तेवढं घाला. बाकी काही करू नका हं!" भावाने लावलेलं झाड. बारा महिने हिरवं. तो गेल्यावर तिच्या खिडकीला तोच आडोसा आणि तीच सोबत.

मी कात्री घेतली! जन्मभर मेंदीचं कुंपण छाटलं. मेंदी कुठूनही कापा, फुटतेच. हेही तसंच असणार, म्हटलं. खिडकीकडची बाजू आतल्या तपकिरी काड्यांपर्यंत सोलून काढली. नको तिथे शहाणपण!

७ मार्च

रोपवाटिकेत गेलो. माळी हसला. "आजोबा, ही मेंदी नव्हे. हिरव्याच्या आत कात्री गेली की संपलं. त्या लाकडाला पुन्हा पान येत नाही."

"खत घातलं तर?"

"माझ्या टकलाला घालून बघितलंय!"

८ मार्च

धाकटीचा फोन. "झाड कसंय?"

"फक्कड!" म्हणालो. जीभ झडली कशी नाही!

उद्या ऑपरेशन, तिच्या जिवाला घोर नको म्हणून बोललो — असं स्वतःला सांगतोय. खोटं. घोर मलाच.

९ मार्च

ऑपरेशन झालं. देवा, सांभाळ.

११ मार्च

फुलवाली गुच्छात मोरपंखी घालते. म्हणाली, "तोडलेली डहाळी आठ-दहा दिवस हिरवी राहते, बाबा." मागच्या बाजूच्या डहाळ्या तोडल्या, पुढच्या उघड्या काड्यांना सुतळीने बांधल्या. समोरचा पोस्टमन हसला — "काका, झाडाला मलमपट्टी?"

उद्या धाकटीची पट्टी निघणार. परवा घरी येणार. आल्या आल्या खिडकी उघडेल, मला माहीत आहे.

१२ मार्च

पुतणीचा फोन. "काका, आईला काहीच दिसत नाहीये. डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही." पोर हुंदके देत होती.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — झाड तिला दिसणार नाही. सुटलो!

थू माझ्यावर.

१३ मार्च

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. ते 'सुटलो'सुद्धा. तिने फोन ठेवला.

धाकटे, शिव्या दे, पण लवकर फोन कर गं.