मामा आला तो नाताळ

माय, भाऊबिजेच्या संध्याकाळी तू अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायचीस, आणि आम्हां नऊ भावंडांना वाटायचं, सगळ्याच कॅथलिक घरांत असं करतात. बाबा एरवी केवढे कडक! उपासकाळातल्या शुक्रवारी कोणी मटणाचं नुसतं नाव काढलं तरी डोळे वटारायचे. पण त्या संध्याकाळी ते इंजिन शेडमधून मुद्दाम उशिरा यायचे. तुला एक भाऊ आहे, आपल्या धानपट्ट्यातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या गावात तलावाखाली धानाची शेती करतो, हे मला पुढे कळलं. बाबा तरुणपणी तिकडच्या स्टेशनावर कामाला होते, तिथंच तुमचं जमलं. लग्नासाठी तू बाप्तिस्मा घेतलास आणि माहेर तुटलं. याबद्दल तू कधी बोलली नाहीस, आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. तू आमची होतीस, तेवढं आम्हांला पुरे होतं.

नाताळ आला की आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. थोरला येशूबाळासाठी तणसाचा गोठा बांधायचा, धाकटे त्यातल्या मातीच्या मेंढरांच्या मोडक्या पायांवरून भांडायचे, आणि तू चुलीपुढे करंज्या तळत बसायचीस. मी अकरा वर्षांची असेन, त्या नाताळला चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून आपण सगळे रांगेनं घरी आलो, तर पायरीवर धोतर नेसलेला एक माणूस बसलेला. शेजारी नव्या तांदळाचं गाठोडं. तू फाटकाशीच थांबलीस. कडेवरचा धाकटा तू माझ्याकडे दिलास आणि म्हणालीस, "दादा?"

तो उठून उभा राहिला. "कशी आहेस वं बाई?" मग खाली बघत म्हणाला, "माय गेली. दिवाळीच्या आधीच गेली."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"भाऊबंद सांगू नको म्हणून राहिले होते. मी एकटा काय करू? शेवटी शेवटी तुलेच इचारून राहिली होती ती."

बाबा पुढे झाले. "आत या. आज सण आहे, जेवून जा." मामानं दाराकडे पाहिलं. आत चुलीवर मटण शिजत होतं, भिंतीवर क्रूस. तूच त्याची सुटका केलीस. "राहू द्या, त्याले गाडी पकडाची आहे." तेव्हा तो म्हणाला, "पाणी तं दे." तू तांब्या भरून आणलास. त्यानं तो तोंड लावून, घोट घोट करत सगळा रिकामा केला. मग तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टेशनाकडे चालू लागला.

तू रडशील म्हणून मी तुझ्याकडे बघत राहिले. पण शेजारची हिंदीभाषक मावशी "बडा दिन मुबारक हो, बहनजी" करत आली, आणि तू हसून तिच्या ताटलीत करंज्या घातल्यास. आम्हांला वाढलंस, भांडणं सोडवलीस, बाबांना दुसऱ्यांदा रस्सा दिलास. तू स्वतः जेवलीस की नाही, ते मला सांगता येणार नाही. नऊ जणांत ते कोण बघतं?

दिवेलागणीला जपमाळ झाली. मृतांसाठी प्रार्थना म्हणायच्या वेळी बाबा थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईचं नाव काय होतं?" तुमच्या लग्नाला तेव्हा अठरा-वीस वर्षं झाली असतील. तू आधी पदरानं तोंड पुसलंस. मग नाव सांगितलंस. बाबांना ते नीट म्हणता येईना, म्हणून पुन्हा सांगितलंस.

त्यानंतर तू एकच मागितलंस. "एकडाव मले गावाले नेऊन आना." बाबा नाही म्हणाले नाहीत. ईस्टर होऊ दे म्हणाले, मग पावसाळा होऊ दे, मग धाकटीचा गोवर जाऊ दे. रेल्वेच्या पासवर आपण मुंबईला आत्याच्या लग्नाला जाऊन आलो. तुझं गाव सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ होतं. काही वर्षांनी तू तापानं गेलीस. बाबांनी तार केली, आणि मामा दफनाला आला. आमच्यासारखीच मूठभर माती टाकली, आणि बाबांना एवढंच म्हणाला, "एकडाव आनाचं होतं, जवाई." बाबा कबरीपाशी बराच वेळ बसून राहिले. 

आता मी तू गेलीस त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. मृतांच्या दिवशी कबरस्तानात मेणबत्त्या लावताना सगळ्यांची नावं मोठ्यानं घेते. तुझं, बाबांचं, गेलेल्या भावांचं. मग तुझ्या आईसाठी एक लावते आणि गप्प उभी राहते. त्या संध्याकाळी तू नाव सांगितलंस तेव्हा मी तुझ्या शेजारीच गुडघे टेकून होते, माय. मला ते आठवत नाही.