हनुवटीचा नवस

४ ऑगस्ट, बनशंकरी

आले एकदाची बेंगळुरूला. नागपूरच्या चिकचिकाटातून इथे उतरले तर अंगावर शाल घ्यावीशी वाटली. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीशी शेवग्याचं झाड, आणि खाली घरमालकीण कमलाअक्का. अक्का मराठीच, पण तिचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, त्यामुळे तिचं मराठी समजायला आधी कान तयार करावे लागतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गुरुदत्त परदेशी. बोलायला माणूस मिळालं म्हणून ती इतकी खूश की पहिल्याच दिवशी अहो-जाहो बंद करायला लावलं. स्वल्प बस गे शाल्मली, कापी देते, म्हणाली.

तिचा पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा पगाराचा, तिसरा हनुवटीचा. मी पाठ झालेलं उत्तर दिलं. दोन वर्षांपूर्वी स्कूटर घसरली, टाके पडले, जखम भरली, पण वण फुगून राहिला, ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीखालपर्यंत. माझ्याशी बोलताना माणसं माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत, हे मात्र तिला सांगितलं नाही. नवी नोकरी आहे, नवं गाव आहे, आणि या वेळी हा वण घालवायचाच. बाकी सगळं छान आहे.

१० ऑगस्ट

इंदिरानगरला डॉ. पद्मनाभांकडे जाऊन आले. त्यांनी वण चिमटीत धरून, उजेडात फिरवून पाहिला. मग सगळे उपाय सांगितले. रोज सिलिकॉनचं जेल आणि रात्री पट्टी. दर महिन्याला वणातच स्टेरॉइडचं इंजेक्शन, म्हणजे फुगलेला भाग बसतो. लालसरपणाला लेसर. आणि एवढं करून भागलं नाही तर शस्त्रक्रिया, वण कापून कातडीच्या घड्यांच्या कलाने नागमोडी शिवायचा. पण माझ्यासारखा फुगणारा वण कापला तर दुप्पट होऊन परत येऊ शकतो, म्हणून घाई नको.

वण जात नाही, फक्त नजरेत भरेनासा होतो, हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू.

१४ सप्टेंबर

काडीचा फरक नाही. इंजेक्शनच्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि फळ काय, तर वणाशेजारी एक पांढरा खड्डा. पट्टी घामाने सुटते आणि मीटिंगमध्ये नेमकी सगळ्यांसमोर लोंबकळते. आज वेदांतने, माझ्याच टीममधल्या पुण्याच्या शहाण्याने, कॅमेऱ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं की तुझ्या तोंडाला चटणी लागली आहे. मी पुसल्यासारखं केलं. काय करणार होते? मग बाथरूममध्ये जाऊन रडले. रडूसुद्धा रागानेच आलं.

घरी आल्यावर अक्कापुढे सगळं ओकले. ती म्हणाली, माझ्या देवीला बोलते, चांदीचा नवस करते, तू हो म्हण. तिच्या घरातली ही जुनी रीत आहे. पाय दुखला की चांदीचा पाय, डोळा आला की चांदीचे डोळे. मी म्हटलं, तुला हवं ते कर. इतके पैसे डॉक्टरने नेले, थोडे देवीने नेले तर काय बिघडलं.

२९ सप्टेंबर

वण मऊ लागतोय. आधी वाटलं, मनाचे खेळ. पण आज वेदांत बोलताना चक्क माझ्या डोळ्यांकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन लागू पडलं. अक्का म्हणते, देवी पावली. दोघांनी आपसात ठरवावं. मी खूश आहे.

६ ऑक्टोबर

गेला. बोट फिरवलं तर कळतसुद्धा नाही कुठे होता. डॉ. पद्मनाभ भिंग घेऊन बघत राहिले, मग त्यांनी बाहेरच्या भिंतीवर लावायला माझे फोटो काढले. तिथून येताना बाजारातून उगीचच हिंडले. कोणी वळून बघितलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी गर्दीतली एक झाले, आणि हे सुख सांगून कळायचं नाही.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाली, दिवाळीला येते, डोळ्यांनी बघते.

१४ ऑक्टोबर

ऑफिसातल्या हजेरीच्या मशीनने माझं बोट ओळखायचं सोडलंय. रोज दारात उभं राहून एकेक बोट दाबायचं, मशीन लाल दिवा दाखवणार, मागे रांग वाढणार. एचआरवाली म्हणते, हात धुऊन या. मशीन बदला म्हटलं तर म्हणे बाकी सगळ्यांचं चालतंय.

संध्याकाळी खिडकीशी बसून बोटं नीट पाहिली. रेघा नाहीत. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, वाटीच्या बुडासारखी. दंडावरचा लहानपणच्या लशीचा वणही नाही. चांगलंच आहे की, म्हणून हसायला गेले, पण हसू आलं नाही.

१९ ऑक्टोबर

चमकी उशीवर पडलेली सापडली. नाकाचं भोक बुजलंय. पाचवीत असताना टोचलेलं नाक, ते असं एकाएकी कसं बुजेल? अक्काने नात्यातल्या सगळ्या मुलींचे नाक-कान टोचले आहेत. तिने सुई तापवून पुन्हा टोचलं आणि बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घातली. दुपारी जेवताना काडी ताटात पडली. भोक नव्हतं. रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

अक्का म्हणाली, कातडी बरी होतेय गे, आणखी काय पाहिजे.

२३ ऑक्टोबर

तोंड लहान झालंय. इडलीचा तुकडा मावेना, चमचाही तिरका घालावा लागला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत जुळली आहेत.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टेप लावून ओठ मोजले, बोटं ताणून पाहिली आणि म्हणाले, कातडी अत्यंत निरोगी आहे, असली मी कधी पाहिली नाही. मी म्हटलं, बोटं कापून मोकळी करा, ओठांचे कोपरे उघडा, वण राहिले तर राहू द्या. ते हसले. निरोगी कातडीला सुरी लावत नाहीत म्हणाले, मलम देतो, दिवाळीनंतर या, मी गावाला चाललोय. जो माणूस दोन महिने माझ्या तोंडात सुया खुपसत होता, त्याला आज कातडीची माया आली. घरी पोचेतो त्यांच्या दवाखान्याचा मेसेज आला, अनुभव कसा वाटला, तारे द्या.

२६ ऑक्टोबर

अक्काला विचारलं, नवस नक्की कशाचा केलास?

तिने सरळ सांगितलं. चिकपेठेतल्या चांदीच्या दुकानात डोळे होते, नाक होतं, तोंड होतं, हात होते. हनुवटी कुठे मिळेना, वण तर कोण बनवणार. म्हणून तिने हनुवटीच्या शेजारचं सगळंच घेतलं. हात का, तर हाताशिवाय बाईमाणसाचं काय चालतं. सगळं देवीपुढे ठेवून म्हणाली, यांच्यावर डाग ठेवू नको.

सोवळं नाही म्हणून देवघराच्या दारातूनच बघितलं. तबकात पातळ पत्र्यासारखी चांदी. रोज सकाळी आंघोळ करून अक्का देवाच्या भांड्यांबरोबर ती विभूतीने घासते, चकचकीत करते. तोंडाचे ओठ जवळजवळ पुसले गेलेत. हातांची बोटं मोजता येत नाहीत. हलकी चांदी दिली मेल्या दुकानदाराने, असं मला वाटलं. मी म्हटलं, परत आण हे सगळं. अक्का एकदम गंभीर झाली. देवीला दिलेलं परत मागायचं नसतं, म्हणाली, तिला राग येतो. मी ओरडायला तोंड उघडलं. उघडलं म्हणजे, जेवढं उघडतं तेवढं.

२९ ऑक्टोबर

स्ट्रॉने ताक प्यायले. स्ट्रॉ काढला नाही. काढला की मिटतं.

तोंडाला मास्क लावून मोठ्या दवाखान्यात जायला निघाले. रस्ता दिवाळीच्या गर्दीने भरलेला. रिक्षावाला एल्लिगे एल्लिगे, कुठे जायचं, करतोय, मला नाव सांगता येईना. मास्क खाली केला. तो रिक्षा घेऊन पळाला. दुसराही. परत आले.

उजवी बोटं सगळी चिकटू लागली आहेत. मध्ये पेन धरून ठेवलंय, काडीसारखं.

३० ऑक्टोबर, सकाळ

स्ट्रॉ अंथरुणात पडला होता. तोंड नाही. तिथे नुसती कातडी, मऊ, एक डाग नाही.

फोन चेहरा ओळखत नाही. पिन टाकायला बोट सुटं नाही. नाकाने टाकला, तीनदा चुकला, बंद झाला. एवढी चीड आली की भिंतीवर डोकं आपटलं. टेंगूळसुद्धा आलं नाही.

अक्का घाबरली आहे. अँब्युलन्सला फोन केलाय, ते गर्दीत अडकलेत म्हणे. तोवर देवीपुढे बसते म्हणाली आणि खाली गेली. घासण्याचा आवाज आला. त्याच वेळी माझा डावा हात—

कळलं. चांदी हलकी नाही. ती घासते तसं—

३० ऑक्टोबर, दुपार

अँब्युलन्स येऊन गेली. चुकीच्या गल्लीत. दारं वाजवून परत गेली. पुन्हा पाठवणार आहेत.

अक्काला कागदावर लिहून दिलं, घासू नको. तिने चष्मा लावला, कागद फिरवला. ती मराठी बोलते, वाचत नाही. तिच्या पोथ्यासुद्धा कन्नड लिपीत. मला कन्नड लिपी येत नाही. मग खुणा केल्या. देवघराकडे हात दाखवला, तळहात तळहातावर चोळला, मान जोरजोरात हलवली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरी सरी, बरं बरं, म्हणाली. कमी पडलं होय गे? आणखी घासते.

डाव्या हाताने तिचा पदर धरला. बोटं नाहीत. सुटला.

३१ ऑक्टोबर

आई, तुझी गाडी संध्याकाळी यशवंतपूरला. तू मराठी वाचतेस. म्हणून लिहितेय.

अक्काचा दोष नाही. तिने मला जीव लावलाय. पहाटेपासून उपाशी बसली आहे. माझ्यासाठीच.

डावा डोळा मिटला. दुखत नाही. काहीच दुखत नाही.

उजव्याने कागद धूसर—

थांबली. उठली वाटतं. देवी, तिला स्वल्प चक्कर येऊ दे, स्वल्प झोप—

नाही. विभूती आणायला गेली होती.

आता दिसत नाही. ओळी एकावर एक जात असतील. वाच, आई. मी हीच आहे. चेहरा बघून घाबरू नको, आधी खाली देवघरात जा, सोवळं बघू नको, तबकात नाक राहिलंय, एवढं एकच, मी त्यानेच श्वास—

घासते आहे

आई आधी तिचे हात ध