दहा महिन्यांत पदवीधर

१ ऑगस्ट, सोमवार
निर्णय झाला. पदवी घेणार. ऑनलाइन, स्वस्तात आणि फक्त दहा महिन्यांत. लोकांना तीन-चार वर्षं लागतात, कारण लोक प्लॅनिंग करत नाहीत.

कॉलेजची दोन वर्षं मी रीतसर पास होऊन सोडली होती. ती वाया गेली असं इतकी वर्षं धरून चाललो. आज वाचलं की तेव्हा पास झालेले विषय क्रेडिट म्हणून नव्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतात, आणि फक्त उरलेले विषय करायचे. म्हणजे आमच्या स्टोअरसारखंच. भंगारात निघालेल्या लिफ्टचे धड रोलर, धड बटणं काढून ठेवायची आणि दुसऱ्या लिफ्टला लावायची. हे मला कोण शिकवणार! लिफ्ट कंपनीच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये केस पांढरे झाले.

चौकशीचा फॉर्म भरला. फोनसाठी सोयीची वेळ: मंगळवार, संध्याकाळी सहा ते सव्वासहा. इतर वेळी कृपया करू नये, असंही लिहिलं. आपण रिकामटेकडे आहोत असं कोणाला वाटता कामा नये.

२ ऑगस्ट, मंगळवार
बरोबर सहाला फोन. ॲडमिशन कौन्सेलर. आवाजावरून आमच्या लेकीच्याच वयाची असावी. मला सर म्हणते. तिने विचारलं, सर, तुम्हाला आयुष्यात पुढे काय करायचंय? हा प्रश्न मला शेवटचा कोणी विचारला होता ते आठवेना. सविस्तर उत्तर दिलं. सव्वासहाची मर्यादा मीच घातलेली, पण फोन ठेवला तेव्हा भाजीवाला दुकान बंद करून गेलेला. अंडं-पाव खाल्ला.

७ ऑगस्ट, रविवार
लेकीला बातमी दिली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते. तिची आई गेल्यापासून रोज रात्री फोन करते. बोलणं ठरलेलं. जेवलात का? काय जेवलात? दार नीट लावलंत ना? मग ठेवते. गेले काही महिने एकच टुमणं: बाबा, घरात एकटे बसू नका, काहीतरी करा, नाहीतर माझ्याकडे राहायला या.

आज सांगितलं की पदवी करतोय. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हणाली, आईला किती आनंद झाला असता. आणि आता रोज फोन करून तुमचा अभ्यास मोडणार नाही, फक्त रविवारी करीन.
छान झालं. अभ्यासाला शिस्त लागते.

८ ऑगस्ट, सोमवार
आज फोन नाही. उत्तम. भरपूर वेळ मिळाला. टेबल पुसलं. ते भिंतीपासून खिडकीशी आणलं. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणून परत भिंतीशी नेलं. टेबल-लॅम्प घ्यायला हवा. लॅम्पशिवाय सुरुवात करणं म्हणजे पायाशिवाय घर.

१६ ऑगस्ट, मंगळवार
जुनी मार्कशीट पाठवली. कौन्सेलर म्हणाली, सर, तुमचं अक्षर छान आहे. फॉर्मवरच्या सहीबद्दल बोलत होती. बोलता बोलता कुकरची शिट्टी झाली तर विचारलंन, काय शिजतंय? भात म्हटलं. नुसता भात? म्हटलं, आज अभ्यासाचा दिवस, साधाच आहार.

एकूण संबंध अतिशय प्रोफेशनल आहेत.

२२ ऑगस्ट, सोमवार
स्टोअरमध्ये बातमी फुटली. (मीच सांगितली.) लंबू मेकॅनिक दाराचे रोलर न्यायला आला तो दारातूनच ओरडला, काय पदवीधर, दोन रोलर द्या, का आता वशिला लागेल? हसू दे. दहा महिन्यांनी बघू.

आमच्या साहेबांनी मात्र मनापासून चौकशी केली. म्हणाले, कोणता विषय घेतलात? विषय अजून ठरवलेला नाही हे तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, तुलनात्मक अभ्यास चालू आहे.

३० ऑगस्ट, मंगळवार
क्रेडिटचा निकाल आला. अर्ध्याहून कमी विषय धरले. अर्थशास्त्र नाकारलं, कारण अभ्यासक्रम जुना. जसं काही आता पैसे वेगळ्या दिशेने खर्च होतात! स्टोअरच्या अनुभवाचं क्रेडिट नाही, कारण सर्टिफिकेट नाही. शारीरिक शिक्षण मात्र पूर्ण धरलंय. म्हणजे त्या काळी मी मैदानाला फेऱ्या मारल्या हे त्यांना मान्य आहे. आज लिफ्ट बंद होती तर तिसऱ्या मजल्यावर येताना दोनदा टेकलो.

कौन्सेलरलाच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, सर, खचू नका, तरी दोन वर्षांत होईल. मी खचलेलो नाही. दहा महिन्यांची दोन वर्षं झाली, एवढंच. त्यात मंगळवार किती येतात!

६ सप्टेंबर, मंगळवार
कौन्सेलर म्हणाली, सगळं तयार आहे, आता फी भरा की झालं. सहज विचारलं, फी भरल्यावर पुढे काय? म्हणाली, मग तुमची फाइल माझ्याकडून जाते. तुम्हाला पोर्टल मिळतं, शंका तिथे टाइप करायच्या. मग मी फोन करून तुम्हाला त्रास देणार नाही.
त्रास कसला, म्हटलं.

नंतर शांतपणे विचार केला. घाई बरी नव्हे. जगात आणखी युनिव्हर्सिट्या आहेत. सगळ्यांची तुलना केल्याशिवाय फी भरणं हा मूर्खपणा. एक्सेल शीट काढली. रंग दिले.

११ सप्टेंबर, रविवार
लेकीचा फोन. विचारलंन, परीक्षा कधी? अजून ॲडमिशनच नाही म्हणायला जीभ रेटेना. तिने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तोंडातून निघून गेलं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

ती म्हणाली, मी त्याच आठवड्यात रजा टाकली होती, आईला वर्ष होतंय म्हणून. तुमच्याकडे राहायला येणार होते. पण असू दे बाबा, परीक्षा महत्त्वाची. मी आले की गप्पाच होतील. परीक्षा झाल्यावर येईन.

खरं तर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, हो, एकाग्रता लागते.

१३ सप्टेंबर, मंगळवार
आज कौन्सेलरला विचारण्यासाठी चांगले प्रश्न काढून ठेवले होते. पदवी ठरल्यापेक्षा लवकर पूर्ण झाली तर दंड आहे का? पदवीदान ऑनलाइन असेल तर काळा गाऊन घालायचा का, आणि घरात घातला तर कमरेखाली काय घालायचं? ती हसली. तिचं हसणं ऐकून बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं.

२० सप्टेंबर, मंगळवार
सहाला थोडं कमी असताना फोन वाजला. लेक! मंगळवारी! पण लाइन मोकळी हवी होती. कट केला. लगेच तिचा मेसेज, सॉरी बाबा, तुमचा क्लास चालू असेल, विसरलेच. पुढे अंगठा.

कौन्सेलरचा फोन आज उशिरा आला आणि लवकर संपला. दुसऱ्या लाइनवर कोणीतरी होतं. लेकीला परत फोन करावा असं ठरवलं. पण क्लास इतक्या लवकर कसा संपेल? नाही केला.

२५ सप्टेंबर, रविवार
लेकीचा फोन नाही. मेसेज: परीक्षा जवळ आली, आता मी रविवारीही डिस्टर्ब करत नाही, मन लावून वाचा.

टेबल-लॅम्प आला. प्रकाश उत्तम. त्याखाली टेबल स्वच्छ दिसतं.

२७ सप्टेंबर, मंगळवार
कौन्सेलर आज गंभीर. तीस तारखेपर्यंत फी भरली नाही तर धरलेली क्रेडिट रद्द, मग सगळं पहिल्यापासून. म्हणाली, सर, प्लीज. एवढं काकुळतीला येऊन माझ्या शिक्षणाबद्दल आजवर कोणीच बोललं नव्हतं. शब्द दिला. शुक्रवारी भरतो.

३० सप्टेंबर, शुक्रवार
संध्याकाळी बसलो. लॅम्प लावला. पान उघडलं, कार्डाचा नंबर टाकला. फक्त एक बटण दाबायचं राहिलं.
पुढचा मंगळवार डोळ्यांसमोर आला. सहा वाजलेत आणि फोन गप्प.

सर्व्हर स्लो होता. त्यांचा सर्व्हर अत्यंत भिकार आहे. पान बंद केलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार
सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा. चहा गार झाला. सातला फोन आला.

आज सर म्हणाली नाही. काका म्हणाली. काका, तुमची क्रेडिट रद्द झाली. सिस्टिमने तुमची फाइल इच्छुक नाही या यादीत टाकली, आता मला तुम्हाला फोन करता येणार नाही. मी म्हटलं, इच्छुक आहे हो मी. ती म्हणाली, काका, खरं सांगू का? तुमच्याशी बोलण्यात माझे मंगळवार गेले, महिन्याचं टार्गेट राहिलं, साहेबांची बोलणी खाल्ली. पण बोलायला बरं वाटायचं. तब्येत सांभाळा. नुसता भात खाऊ नका.

त्या पोरीचं मी नुकसान केलं. ते मुद्दाम केलं नाही, असं लिहायला पेन उचललं होतं. नाही लिहीत.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
हिला जाऊन आज वर्ष झालं. रजा घेतली होती. सकाळपासून घरात माझ्या चपलांचा आवाज तेवढा.

ठरवलं, लेकीला सगळं खरं सांगायचं. परीक्षा नाही, ॲडमिशन नाही, काही नाही. तू ये. आजच्या आज निघ. वाक्य दोनदा पाठ करून फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. कुजबुजत बोलत होती, मीटिंगमध्ये असावी. बाबा, झाला पेपर? म्हटलं, अगं, पेपर म्हणजे, ऐक ना. तर म्हणाली, काही बोलू नका, झालेल्या पेपरची चर्चा करायची नसते, तुम्हीच मला शिकवलंय. उद्याचं वाचा. आज आईचा दिवस आणि तरी तुम्ही परीक्षेला बसलात, मला तुमचा फार अभिमान वाटतो. ठेवते आता. आणि तिने ठेवला.

बराच वेळ लॅम्पखाली बसलो. वाचायला काहीच नव्हतं.

मग एका दुसऱ्या युनिव्हर्सिटीची साइट उघडली. ही जास्त स्वस्त आहे. जुनी क्रेडिट घेतात म्हणे. चौकशीचा फॉर्म भरला. नाव, वय, शिक्षण. शेवटी विचारलं होतं, फोनसाठी सोयीची वेळ?

लिहिलं: कधीही.