नकाशातली खिडकी

आप्पा, तुमची पुस्तकं मी देऊन टाकली. आधी हेच सांगते, म्हणजे तुम्हाला काय ओरडायचं ते ओरडून घ्या आणि मग पुढचं शांतपणे ऐका. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना मी एकदा मागे वळून पाहिलं, तुम्ही दारात उभे तर नाही ना म्हणून. दोन्ही कपाटं, माडीवरची पेटी, लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, सगळं दिलं. तंजावरात मोठं सार्वजनिक पुस्तकालय होणार आहे, राजवाड्याच्या मागे, जुन्या घोडशाळेच्या मोकळ्या जागेवर, आणि त्याचा नकाशा ठरवणाऱ्या समितीत तुमची लेक आहे. हसू नका. पाच सभासदांत मी एकटी बाई, तीही निवडून आलेली नव्हे, नेमलेली. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. पहिल्या बैठकीला माझी खुर्ची भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवली होती. दुसऱ्या बैठकीला मी ती स्वतः उचलून टेबलाशी आणली.

सरकारनं जागा आणि भिंती देऊ केल्या, पण पुस्तकं गावानं जमवायची असं कलेक्टरसाहेबांनी सांगितलं. मग एकेकानं आपापल्या घरातली पुस्तकं कबूल केली आणि मीही भर बैठकीत तुमची कबूल करून बसले. खरं सांगायचं तर दुसरा मार्गच नव्हता. मागच्या पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागली. माझ्या मुलांना घरात मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की तमिळ नाहीतर इंग्रजी. तुमच्या मोडी वहीतलं एक पान थोरल्यानं उलटं धरून बराच वेळ न्याहाळलं होतं. माझ्या माघारी त्या पुस्तकांचं काय होणार, ते मला लख्ख दिसत होतं.

आता नकाशाची गंमत ऐका. आमचे इंजिनियर पापनाशमचे, तरुण आणि सोशिक. ते निळा कागद टेबलावर पसरत, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी हवं असे. निवृत्त शाळा-तपासनीसांना घड्याळाचा मनोरा हवा होता. धान्याचे व्यापारी असलेल्या चेट्टियारांना प्रवेशदारात आपल्या वडिलांची तसबीर हवी होती. डॉक्टरांना जो शेवटी बोलेल त्याचंच पटे. अध्यक्ष होते ते वकील. त्यांना काचेची उंच कपाटं हवी होती, प्रत्येकाला कुलूप, आणि किल्ल्या त्यांच्याकडे. आणि मला हवी होती एक खिडकी. बाजूच्या गल्लीत उघडणारी, हात आरामात पोचेल एवढ्या उंचीची, जिथून पुस्तक घरी नेता येईल आणि परत करता येईल. कारण समोरच्या दिवाणखान्यात चार पुरुष वर्तमानपत्रं पसरून बसले असताना आपल्या गल्ल्यांतली एकही बाई आत पाऊल टाकायची नाही. माझ्या शाळेतून पाचवी शिकून लग्न होऊन गेलेल्या मुली पाहते ना मी. दोन वर्षांत त्यांना दारातल्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, ठिपक्यांपलीकडे काही लिहायचं उरत नाही.

वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "अम्मा, पुस्तक एकदा बाहेर गेलं की गेलं. आपल्या लोकांना परत द्यायची सवय नाही." आप्पा, हे तर तुमचंच वाक्य!

आठवतं ना? मी नऊ वर्षांची आहे. शेजारच्या तमिळ घरातल्या माझ्या मैत्रिणीला मी परसातल्या भिंतीवरून तुमचं एक तमिळ गोष्टींचं पुस्तक दिलं आहे. तुम्ही दफ्तरखान्यातून येता. दिवसभर जुने कागद नकलून बोटं काळी झालेली, अंगाला वेखंडाचा वास. कपाटाकडे नुसती नजर टाकता आणि तुम्हाला तेवढी एक फट दिसते. "कोठें गेलं?" एवढंच विचारता. मी सांगते. तुम्ही छत्रीसुद्धा खाली ठेवत नाही, तसेच शेजारी जाता आणि पुस्तक काखेत घेऊन परत येता. "पुस्तक घराबाहेर जात नाही," तुम्ही म्हणता, "तुज कोणांस वाचावयास द्यावयाचें असेल तर माणूस घरांत आण." मी जेवणाच्या वेळेपर्यंत रडले. पण दुसऱ्या दिवशी तिण्णैवर, आपल्या दारापुढच्या त्या ओट्यावर, तुम्ही स्वतः चटई घातलीत आणि तिला हाक मारलीत. आपल्या अम्मानं तिला ताक दिलं. त्या दिवसापासून पाच वर्षं ती रोज आली. अम्माला स्वतःला वाचता येत नव्हतं, ती आत चिंच कोळता कोळता म्हणायची, "पोरी, मोठ्यानं वाच की, मजही ऐकूं दे."

तेव्हा मला तुमचा नियम फार मोठ्या मनाचा वाटला होता. होताही. पण ती लग्न होऊन तिरुवैयारूला गेली. काही वर्षांनी एका लग्नात भेटली, तेव्हा मी विचारलं, काय वाचतेस सध्या? ती हसून म्हणाली, "तिथं तुमचं तिण्णै कुठं आहे ग?" बस, एवढंच. आप्पा, त्या बाबतीत तुम्ही चुकलात. तुमच्या हयातीत हे तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती, आता म्हणून टाकते. पुढच्या बैठकीत मी वकीलसाहेबांना हीच हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाईट झालं खरं, पण कुलूप हवंच.

शेवटी कलेक्टरसाहेबांनी तोडगा काढला. नगरपालिकेच्या एका खोलीला गल्लीकडे खिडकी होती. तिथून महिनाभर चाळीस पुस्तकं बायकांना घरी न्यायला द्यायची. ठरलेल्या दिवशी सकाळी बायकांनी ती परत आणायची आणि साहेब स्वतः येऊन मोजणार. चाळीसच्या चाळीस परत आली तर खिडकी नकाशात, एक जरी कमी भरलं तरी नकाशातून बाद. दिवस ठरवायला भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर काढलं. त्यात एक तांबडी तारीख होती, सरकारी सुट्टी. सगळे मोकळे असणार, म्हणून पाचही जणांनी माना डोलावल्या. सुट्टी म्हणून सगळे खूश. सुट्टी कशाची, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चाळीस पुस्तकं चार दिवसांत गेली. शिपाई नाव आणि घर लिहून घेई आणि पुस्तक हातात ठेवी. त्या महिन्यात मी शाळेत काय शिकवलं देव जाणे, माझं सगळं लक्ष त्या खिडकीकडे.

ठरलेल्या सकाळी मी घरची पूजा उरकली आणि लगबगीनं खोलीवर गेले. फळ्या रिकाम्या. एकही पुस्तक नाही! शिपाई दाराशी मान खाली घालून उभा. वकीलसाहेब जरीकाठी वेष्टी नेसून, कपाळाला ताजं गंध लावून अगदी प्रसन्न बसले होते. तेवढ्यात कलेक्टरसाहेबांची गाडी आली. चाळीस बायकांनी मला तोंडघशी पाडलं, असंच वाटलं मला, आणि त्यांचा भयंकर रागही आला. म्हणजे तुमचं खरं होतं, वकिलांचं खरं होतं, आणि मी एक भाबडी मास्तरीण! घाम पुसायला हात वर केला तर बोटांना कुंकू. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी नवरात्रातली नवमी होती. सरस्वतीपूजा! तासाभरापूर्वी मीच माझ्या घरची सगळी पुस्तकं देवीपुढे रचून आले होते आणि नातीला बजावून आले होते, की आज पुस्तकाला हात लावायचा नाही, उघडायचं नाही, हलवायचं नाही. मी भर खोलीत मोठ्यानं हसले. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या गंधाला हात लावला, आणि एकदम छताकडे बघायला लागले.

मी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग ही तारीख ठरवली कोणी?" डॉक्टर खोकले. साहेब म्हणाले, "पुस्तकं कुठं आहेत ते तरी दाखवा." मग शिपायाची यादी घेऊन आम्ही सगळे गल्ल्यांतून निघालो. पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे तपासनीस, चेट्टियार, डॉक्टर, आणि सगळ्यांत शेवटी रेंगाळत वकील. दारं सताड उघडी होती, आतली पूजा रस्त्यावरून दिसत होती. पहिल्याच घरी पाहिलं, तर खाली मुलांची पुस्तकं, त्यावर नवऱ्याच्या कचेरीच्या वह्या, आणि सगळ्यांच्या वर आमच्या खिडकीतलं पुस्तक, गंध-फूल लावलेलं. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी एका वैणिकाची वीणा होती आणि तिच्या शेजारी पाटावर आमचं पुस्तक. राजवाड्याजवळच्या आपल्या एका मराठी घरातली म्हातारी तर साहेबांनाच दटावून म्हणाली, "आज हलवूं नका हो. देवी अजून वाचत आहे. उद्यां न्या!" मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं, तेव्हा साहेबांनी टोपी काढली. म्हातारीनं त्यांना तिण्णैवर बसवून पानाच्या द्रोणातून हरभऱ्याचं सुंडल दिलं. त्यांनी दोन द्रोण संपवले आणि तिसऱ्याकडे बघत होते.

एक वळण घेतल्यावर वकीलसाहेब अचानक पुढे झाले आणि म्हणाले, "पुरे झालं की. साहेबांना ऊन लागतंय." पण शिपाई यादी वाचत सरळ पुढे गेला आणि वकिलांच्याच दारात उभा राहिला. आत कायद्याची जाडजूड पुस्तकं रचली होती, आणि त्यांच्या डोक्यावर आमचं, झेंडूचं फूल घालून. वकीलसाहेबांच्या तोंडून "अय्यो" एवढंच बाहेर पडलं. त्यांच्या घरच्या बाईंनी दाराआडून शांतपणे तमिळमध्ये सांगितलं, "मीच आणलं. तुमच्या कपाटांना कुलूप असतं ना." चेट्टियारांना हसू आवरेना, त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. मला मात्र त्या क्षणी त्या बाईंना जाऊन मिठी मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. प्रत्येकानं एक ओळ तरी वाचायचीच असा तो दिवस. प्रत्येक घरानं वाचली, आणि दुपार व्हायच्या आत खिडकीखाली रांग लागली. साहेब स्वतः मोजायला बसले होते. चाळीस पुस्तकं गेली होती, एकेचाळीस परत आली. कोणीतरी आपल्या घरचं एक भर म्हणून दिलं होतं, कोणी ते अजून कळलेलं नाही. सगळ्यांच्या वेष्टनांवर हळदीकुंकवाचे डाग पडले म्हणून तपासनीस कुरकुरले. मी म्हटलं, राहू द्या. इंजिनियरांनी निळ्या कागदावर खिडकी काढली, तेव्हा वकीलसाहेब वाकून बघत म्हणाले, "जरा रुंद काढा. दोघींना एकदम उभं राहता आलं पाहिजे." मनोऱ्याचं घड्याळ मात्र अजून वादात आहे.

आता पायाचं खणणं चालू झालं आहे. इमारत उभी राहीपर्यंत सगळी पुस्तकं नगरपालिकेच्या त्याच खोलीत आहेत, आणि देवघेवही त्याच खिडकीतून चालते. तुमची पुस्तकं न्यायला बैलगाडी आली, त्या दिवशी मी प्रत्येक पोथीचं फडकं सोडून पाहिलं आणि तुम्ही बांधायचात तसंच पुन्हा बांधलं. तुम्ही मला मास्तरीण झाल्यावर बक्षीस म्हणून कपाटाची किल्ली दिली होती, तीही शिपायाच्या हातात ठेवली. कपाटांच्या जागी भिंतीवर दोन फिकट चौकोन उरले आहेत. सून म्हणते चुना मारून घेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही आणि घरात कोणाला वाचता यायचं नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी गावातल्या बायकांसाठी भांडले, असं सगळे म्हणतात. मागच्या आठवड्यात माझ्या गळ्यात हारसुद्धा घातला. ते खोटं नाही, आप्पा, पण सगळं खरंही नाही. तुमची पुस्तकं मी बैठकीत कबूल करून बसले, त्या दिवशी घरी येऊन कपाटासमोर बसून पोटभर रडले. आणि रडून झाल्यावर, डोळे पुसता पुसता, मला ती खिडकी सुचली. बायकांची आठवण नंतर झाली. आता दर पंधरा दिवसांनी मी पदर सावरून रांगेत उभी राहते आणि तुमचं एक पुस्तक घरी घेऊन येते. काल धीर करून दोन मागितली. शिपाई म्हणाला, "नाही अम्मा, एका वेळी एकच. नियम तुम्हीच केला आहे."