माठाखालचे कांदे

प्रिय कमल,

काल तुझी लेक पल्लवी आली होती, आपल्या दोघींची जुनी प्रयोगाची वही घेऊन. तिनं एकच प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी हे तुलाच सांगायला हवं.

कांद्याच्या मुळांतल्या पेशींना डीएनएची नक्कल करायला किती वेळ लागतो, ते आपण कॉलेजात मोजत होतो, तू माझी सहायक म्हणून. मुळं अर्धा तास खुणेच्या द्रव्यात ठेवायची. त्या वेळी नक्कल करत असलेल्या पेशींनाच खूण लागायची. मग दर तासाला टोकं कापायची. विभागणाऱ्या पेशींत खूण दिसू लागल्यापासून ओसरेपर्यंत जेवढे तास, तेवढा नक्कल करण्याचा वेळ.

माझे कांदे कॉलेजात, टेबलावर. दुसरी खेप तू एका रविवारी घरी लावलीस आणि कापलेली टोकं बाटल्यांत घालून सोमवारी आणलीस. तुझा वेळ माझ्यापेक्षा दोन तासांनी जास्त आला. मी वहीतल्या तुझ्या आकड्यावर लाल रेघ मारली.

"काहून खोडलं, मॅडम?"

"पोळ्या लाटता लाटता तास चुकले असतील."

"आमच्या तांड्यात पोळ्या नाही, भाकरी थापतेत. हात भाकरीत होता, कान गजराकडंच होता माहा."

तू हसलीस, म्हणून मीही विषय संपवला. शोधनिबंध माझ्या एकटीच्या नावानं छापून आला, तू शेवटच्या आभारांत. तरी पेढे तूच आणलेस! वर्गात पोरांना धारेवर धरणारी तू, माझ्याशी का भांडली नाहीस?

काल पल्लवी म्हणाली, "मावशी, याडीनं ते कांदे माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवले होते. पाणी घेताना मले ते कांद्यांचे ग्लास बाजूला करा लागत. तिथलं तापमान लिहिलं होतं का तुम्ही?"

नव्हतं लिहिलं. एप्रिलातलं आपलं तापलेलं टेबल कुठे आणि ती रेती कुठे! गारव्यात पेशी सावकाश काम करतात, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. तुला तासांचा जाब विचारला. कांदे कुठे ठेवलेस, एवढं विचारलं नाही. आणि तुला तरी ते सांगण्यासारखं का वाटावं? तुमच्याकडे कोथिंबीर, दूध, जे जपायचं ते माठाखालीच जातं.

येत्या एप्रिलात पल्लवी आणि मी दोन्ही खेपा पुन्हा लावू. एक टेबलावर, एक तुझ्याच माठाखाली, दोन्हींजवळ तापमापक. तुझा आकडा टिकला, तर तसं छापून आणीन, तुझं नाव आधी घालून. नाही टिकला, तरी न विचारता खोडला होता, हे त्या लाल रेघेखाली माझ्या सहीनं लिहीन.

आणि कांदे कुठे ठेवले, ते या वेळी पहिल्या ओळीत असेल.

तुझी,
सुमन