जमत नाही असे सांग

सोम., ६ जाने.
इतिहासाच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावले. उमय्या खिलाफतीवरचा माझा निबंध वर्गात पहिला. पुढच्या सोमवारी चर्चासत्र. बाहेरचे परीक्षक सादर करणाऱ्यांतून पुढच्या संशोधनासाठी एकच नाव सुचवणार. सादरीकरण इंग्रजीत. "तुला बोलायचा संकोच, बाळा. तू लिही, तन्वी बोलेल. नाव दोघींचं लावू." तन्वी वर्गातली, इंग्रजी फाडफाड. मी मान हलवली. का हलवली?

मंगळ., ७
दिवसभर निबंधाचे इंग्रजीत भाषांतर. एकाच पानावर अडले आहे. अरबांनी प्रदेश जिंकले, तरी महसुलाचे दप्तर जुन्याच कारकुनांकडे राहिले. सीरियात ग्रीक, इराकात फारसी. पुढे खलिफाचा हुकूम: सारे अरबीत. इराकचे दप्तर अरबीत उतरवणारा त्या फारसी कारकुनांतलाच एक. 'जमत नाही असे सांग,' अशी जुन्या कारकुनांनी त्याची मनधरणी केली म्हणे. त्याने ऐकले नाही. फितूर म्हणावे की शहाणा? दोन परिच्छेद लिहिले, दोन्ही खोडले.
पप्पा द्राक्षांच्या पॅकहाउसवरून आले, उमय्यांच्या राजधानीचे नाव पानावर वाचले. "दमास्कस? दिंडोरीच्या अलीकडं का पलीकडं?" स्वतःच हसले.

गुरु., ९
कॅन्टीन. तन्वी माझी पाने चाळत होती. "यार, हे कारकून कट करू? बोअर आहे. डायरेक्ट लढाया घेते."
उत्तर सुचले ते बसमध्ये: तलवारीने प्रांत मिळतो, पण शेतसारा गोळा करायला लिहिणाराच लागतो. कारकून वगळले तर राज्य उरते कुठे?

शनि., ११
तन्वीला म्हटले, मी बोलते.
"तू? अगं, तू रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणत नाहीस, दोन स्टॉप पुढे जाऊन चालत येतेस!" मग म्हणाली, "बरं झालं बाई. मला ती नावंच पाठ होईनात. पण मॅडमना तूच सांग हं."
मॅडमना फोन... नाही केला.

सोम., १३
मॅडमनी तन्वीचे नाव पुकारले. ती उठेना, मला कोपराने ढोसले. गेले. इंग्रजीत वाचले, दोनदा ओळ चुकली. पण कारकुनांचे पान पूर्ण वाचले. परीक्षकांनी मराठीतच विचारले, "त्यानं खरंच 'जमत नाही' म्हटलं असतं, तर?"
"तर खलिफाला दुसरा मिळाला असता, सर."
त्यांनी काहीतरी टिपून घेतले. मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. नाव शुक्रवारी कळणार.

उत्तर अर्धेच दिले. दुसरा मिळाला असता. पण दप्तर अरबीत उतरवताना फारसीतले काय गळाले, हे त्या दुसऱ्याला कळलेही नसते. तिथे का सुचले नाही?
परीक्षक उद्या दहापर्यंत विश्रामगृहावर आहेत. जाऊन सांगावे?
मॅडमना न विचारता?